व्हीलचेअरच्या उंचीची बाग

व्हीलचेअर देणारे हात जैन समाजात कधीच कमी पडले नाहीत. वडिलांची पुण्यतिथी असो, वर्षीतपाचे पारणे असो वा एखाद्या ट्रस्टचा वर्धापनदिन, त्या निमित्ताने दिव्यांगांना खुर्च्या, कुबड्या, कृत्रिम पाय देण्याची प्रथा आता गावोगावी रुजली आहे. डी. आर. मेहता यांनी १९७५ साली जयपूर येथे स्थापन केलेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने तर ‘जयपूर फूट’चे नाव देशाबाहेरही नेले. दान होते, छायाचित्र निघते, खुर्ची घरी येते. पुढे ती कुठवर जाते, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. बहुतेक घरांत तिचा प्रवास पलंगापासून न्हाणीघरापर्यंत आणि तेथून खिडकीपर्यंत, एवढाच असतो. गच्चीच्या दाराला सहा इंचांचा उंबरठा, अंगणात उतरायला तीन पायऱ्या. त्यांच्या पलीकडे तुळस असते, मोगरा असतो, कठड्यालगत कढीपत्ता वाढत असतो. खुर्चीतल्या माणसाला हे सारे दिसते; हाताला लागत नाही.

यात घरच्यांच्या मायेची उणीव नसते. उलट मायाच एवढी असते की सकाळच्या चहापासून रात्रीच्या औषधापर्यंत प्रत्येक वस्तू हातात आणून दिली जाते. ज्याने तीस-पस्तीस वर्षे पेढी सांभाळली, किंवा जिने पंचवीस माणसांचे स्वयंपाकघर एकटीच्या हुकमतीखाली चालवले, त्या माणसाच्या वाट्याला पक्षाघातानंतर वा अपघातानंतर केवळ घेणे उरते. आपल्यावाचून कोणाचे काही अडत नाही, ही जाणीव पायांतील बळ गेल्याच्या दुःखाहून हलकी नसते. आणि येथेच बागेचे मोल वेगळे ठरते. खुर्चीतल्या आजोबांना बरे वाटावे म्हणून नातू त्यांचा सल्ला घेतल्यासारखे करील, मुलगा दुकानाचा हिशेब दाखवल्यासारखे करील. मेथीचे रोप असे काही करीत नाही. पाणी मिळाले नाही तर ते दुपारी मान टाकते, मिळाले की संध्याकाळी पुन्हा उभे राहते. त्याची गरज खरी असते.

ही निकड रुग्णांनी स्वतःच बोलून दाखवल्याचे एक उदाहरण इंग्लंडमधील आहे. सॉल्सबरी येथील जिल्हा रुग्णालयात मज्जारज्जूच्या दुखापतींवर उपचार करणारे केंद्र आहे. तेथील एका शल्यविशारदांचा किशोरवयीन मुलगा, होरेशिओ चॅपल, सुटीत त्या केंद्रात स्वयंसेवक म्हणून जाई. येथे काय असायला हवे, असे विचारणारी प्रश्नावली त्याने रुग्णांसाठी तयार केली. उत्तर आले : बाग. महिनोन्‌महिने एकाच छताकडे पाहत पडलेल्या माणसांना पलंगासकट बाहेर जाता येईल अशी जागा हवी होती. २०११च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, स्वालबार्ड येथील एका मोहिमेत ध्रुवीय अस्वलाच्या हल्ल्यात होरेशिओचा अंत झाला. त्याने मनात धरलेली बाग त्याच्या माता-पित्यांनी आणि सुहृदांनी उभी केली आणि सप्टेंबर २०१२ मध्ये ती खुली झाली. क्लीव्ह वेस्ट या उद्यानरचनाकाराने तेथे चुनखडीच्या दगडांच्या नुसत्या रचलेल्या भिंती मणक्यांच्या आकारात वळवल्या आहेत. परंतु खरी कारागिरी पायाखाली, म्हणजे चाकांखाली, आहे. वाटा पलंग जाईल इतक्या रुंद आणि अगदी सपाट ठेवल्या आहेत, कारण मणका दुखावलेल्या माणसाला लहानसा धक्काही कळ आणतो. पुढे ग्लासगो, स्टोक मँडेव्हिल आणि अन्य ठिकाणच्या मणका-केंद्रांतही याच नावाच्या बागा झाल्या.

अशा उद्यानासाठी मोठा निधी लागतो. घरगुती बागेचा प्रश्न मात्र पैशांचा कमी आणि इंचांचा अधिक असतो. जमीन पायाशी असते, म्हणून बागकाम वाकून किंवा उकिडवे बसून करायचे, असे गृहीत धरले गेले. माती दोन-सव्वादोन फूट वर आणली की ते गृहीतक कोसळते. हे काम गवंडी, सुतार आणि लोखंडी जाळ्या-दरवाजे करणारा फॅब्रिकेटर सहज करू शकतात. त्यांना मापे मात्र नीट सांगावी लागतात.

पहिले माप वाटेचे. खुर्ची जायला किमान तीन फूट रुंदी लागते. चार फूट असली तर हात कठड्याला घासत नाहीत. खुर्ची पूर्ण वळवायला पाच फूट व्यासाची मोकळी जागा हवी. उंबरठ्यासाठी उतार करायचा तर एक इंच चढाला बारा इंच लांबी, हे प्रमाण सर्वमान्य आहे. म्हणजे सहा इंचांच्या उंबरठ्याला सहा फुटांचा उतार. अनेक घरांत उत्साहाच्या भरात गच्चीचा उंबरठाच फोडला जातो आणि पहिल्याच पावसात पाणी जिन्यावरून खाली येते. उंबरठा तसाच राहू द्यावा आणि दोन्ही बाजूंनी उतार चढवावा, हे शहाणपणाचे. फरशीबाबतही असेच. खडी, वाळू आणि हिरवळ यांत पुढची लहान चाके रुततात. गुळगुळीत केलेली कोटा फरशी ओली झाली की निसरडी होते. खडबडीत शहाबादी किंवा चौकटीच्या खाचा असलेली टाइल उत्तम. चाकांबरोबर चिखल घरात येतो आणि त्यावरून घरात कुरबूर होते, ही बाब क्षुल्लक वाटली तरी अशा कुरबुरींपायी कित्येक बागा दुसऱ्या महिन्यात थांबतात. दाराशी ओले गोणपाट पसरून ठेवले की चाके त्यावरच पुसली जातात.

दुसरे माप वाफ्याच्या रुंदीचे. खुर्चीत बसलेल्या माणसाचा हात पुढे साधारण दोन फूट सुखाने पोहोचतो. भिंतीला टेकलेला वाफा म्हणून दोन फुटांहून रुंद नसावा. दोन्ही बाजूंनी जाता येत असेल तर चार फूट चालेल. याहून रुंद वाफ्याच्या मधल्या पट्ट्यात केवळ तण वाढते आणि ते काढायला कोणाला तरी हाक मारावी लागते. ती हाक टाळण्यासाठीच तर सारा खटाटोप.

तिसरे माप उंचीचे, आणि खरी मेख येथे आहे. विटांचा भरीव वाफा दोन फूट उंच बांधला की खुर्ची त्याला समांतर लावून काम करता येते. पण मग कंबरेतून वळून बसावे लागते. दहा मिनिटे ते जमते, अर्ध्या तासात पाठ भरून येते. आणि ज्याच्या धडाचा तोल गेलेला आहे त्याला ते मुळीच जमत नाही. त्यापेक्षा टेबलासारखा, पायांवर उभा वाफा चांगला, कारण खुर्ची त्याच्याखाली सरकते आणि माणूस जेवणाच्या ताटाला बसावे तसा सरळ बसतो. गुडघ्यांसाठी खाली सुमारे सत्तावीस इंच मोकळी जागा लागते. आता त्यावर दहा इंच माती घातली की वाफ्याची कड छातीशी येते आणि हात खांद्याच्या वर उचलून काम करावे लागते. गुडघ्यांना जागा द्यावी तर माती उथळ होते, मातीला खोली द्यावी तर गुडघे अडतात.

यावर तोड म्हणजे तळाला पायरी देणे. माणसाच्या बाजूच्या पट्ट्यात, जेथे गुडघे येतात, तेथे पाचच इंच माती; पलीकडच्या पट्ट्यात तळ खाली उतरवून दहा-बारा इंच. पुढे पालेभाजी, मागे मिरची-टोमॅटो. शिवाय सत्तावीस इंच हा आकडा मोठ्या खुर्च्यांसाठीचा आहे. घरातल्या वृद्ध आजीच्या मांड्या जमिनीपासून बावीस-तेवीस इंचांवरच असू शकतात आणि तिच्यासाठी सारा वाफाच तीन-चार इंच खाली घेता येतो. तेव्हा फॅब्रिकेटरला बोलावण्यापूर्वी माणसाला त्याच्या रोजच्या खुर्चीत, रोजच्या उशीवर बसवून मोजपट्टी लावावी. आणि एक सूचना त्याला आवर्जून द्यावी : पुढच्या दोन पायांना जोडणारी आडवी पट्टी नको. मजबुतीसाठी ती लावण्याची त्याला सवय असते आणि नेमकी तीच खुर्चीच्या पायटेकणीला आडवी येते. दुकानातला जुना काउंटर किंवा गोदामातली लोखंडी रॅक पडून असेल तर पाय कापून तिचाही वाफा होतो. तळाला भोके आणि किंचित उतार असला म्हणजे झाले.

गच्चीवर बाग करणाऱ्यांनी वजनाचा हिशेब आधी मांडावा. व्यापारी घरांत हा हिशेब तरी चुकायला नको. ओल्या मातीचा एक फूट जाडीचा थर दर चौरस मीटरला सुमारे पाचशे किलो भरतो. भारतीय मानकांनुसार माणसांचा वावर असलेल्या गच्चीचा स्लॅब साधारणतः दर चौरस मीटरला दीडशे किलो भार धरून आखलेला असतो. जुन्या वाड्यांच्या माळवदाची तर गोष्टच वेगळी. म्हणून गच्चीवर शेतातली काळी माती चढवू नये. नारळाच्या काथ्याचा भुसा म्हणजे कोकोपीट, कुजलेला पालापाचोळा, शेणखत आणि थोडीशीच माती असे मिश्रण मातीच्या निम्म्या वजनात बसते आणि ओलावाही अधिक काळ धरते. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाची चिपाडे पिशव्यांत आणि पिंपांत भरून, वर थोडे खत-माती घालून गच्चीवर भाजी व फळे घेण्याची पद्धत रूढ केली. रसवंतीच्या दाराशी ही चिपाडे बहुधा फुकट मिळतात. मिश्रण हलके असले तरी सहा इंचांहून जाड थर स्लॅबच्या मध्यावर न ठेवता खालच्या भिंतीच्या किंवा तुळईच्या रेषेवर ठेवावा आणि एकदा अभियंत्याचे मत घ्यावे. इमारतीची लिफ्ट पुष्कळदा शेवटच्या मजल्यावर थांबते आणि गच्चीला एक जिना उरतो. अशा घरी गच्चीचा हट्ट सोडून सज्जातच दीड फूट रुंदीचा एक वाफा करावा. तीन-चार तास ऊन येत असेल तर मेथी, पालक, पुदिना यांना तेवढे पुरते.

काय लावावे, याबाबत जैन घरांना एक सोय आपोआप लाभली आहे. बटाटा, गाजर, मुळा, बीट यांना खोल भुसभुशीत माती लागते आणि ते उपटून काढणे खुर्चीतून सर्वांत अवघड. कंदमुळे ज्या घरात येतच नाहीत, तेथे उथळ वाफ्याची उणीव भासत नाही. मेथी, कोथिंबीर, पालक यांना पाच-सहा इंच पुरतात. चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य करणाऱ्या घरांनी त्या चार महिन्यांत पुढच्या पट्ट्यात झेंडू, गुलछडी किंवा पूजेची फुले घ्यावीत आणि मागे दोडका, कारले, घेवडा असे वेल सोडावेत. मांडव मात्र नेहमीसारखा डोक्यावर नको. वेल साडेचार फुटांच्या तिरप्या जाळीवर चढवला की दोडके हातासमोर लोंबते. टांगत्या कुंड्यांना कप्पी आणि दोर लावावा. गोदामात पोती वर चढवायला जी कप्पी वापरतात तिचीच ही धाकटी बहीण. कुंडी खाली घ्यावी, पाणी द्यावे, पुन्हा वर ओढून दोर खुंटीला अडकवावा.

उंच वाफ्यात खोल खणणे उरत नाही. वरचा थर बोटांनी मोकळा केला तरी भागते. जयणा पाळणाऱ्यांना हे अधिक रुचेल. किडीबाबतही आधीच बारीक जाळी अंथरून ठेवली तर पुढचे फवारे टळतात. आणि वाफा डोळ्यांच्या समोर असल्याने पानाच्या मागची अळी वेळीच दिसते, तिला अलगद दुसरीकडे नेऊन सोडता येते. उभ्याने बाग पाहणाऱ्याला हे जमत नाही.

अवजारांसाठी परदेशी वस्तू मागवण्याचे कारण नाही. खुरप्याच्या मुठीवर जुनी सायकलची ट्यूब गुंडाळली की पकड सुटणाऱ्या हातालाही ते धरता येते. दीड फुटांची बांबूची काठी बांधली की त्याचा पल्ला वाढतो. बी पेरायला अर्ध्या इंचाची प्लास्टिकची नळी घ्यावी. तिचे एक टोक मातीवर टेकवून दुसऱ्या टोकातून बी सोडले की ते नेमके जागेवर पडते. मोठी झारी भरली की सात-आठ किलोंची होते आणि मांडीवर कलंडते. तिच्याऐवजी लहान तांब्या, किंवा सरळ ठिबकची नळी. तिचा कॉक मात्र पाव फेऱ्यात उघडणारा, आडव्या दांडीचा असावा. गोल फिरवायची चावी अशक्त बोटांना दाद देत नाही. काढलेली भाजी ठेवायला मांडीवर सूप.

हे सारे करताना शरीराची काही पथ्ये सांभाळावी लागतात. मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाच्या पायांना संवेदना नसते. उन्हात तापलेला लोखंडी पत्रा मांडीला लागला तरी त्याला कळत नाही. कळतो तो संध्याकाळी आलेला फोड. म्हणून वाफ्याच्या खालच्या कडांना जाड कापड किंवा रबर लावावे, पायात बूट असावेत आणि काम संपल्यावर पाय नीट तपासावेत. धनुर्वाताची लस घेतलेली असावी. दुखापत मानेशी किंवा छातीच्या वरच्या भागात असेल तर खालच्या अंगाला घाम येत नाही आणि शरीर लवकर तापते. त्यांनी सकाळी नऊच्या आत काम आटोपावे, डोक्यावर हिरवी शेडनेट असावी, मानेवर ओला पंचा ठेवावा. बसून बसून त्वचेला जखम होऊ नये म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी अंग उचलून किंवा एका बाजूला झुकून भार हलवावा. वेळेचे भान बागेत हमखास हरपते, तेव्हा गजर लावलेला बरा. पुढे वाकण्यापूर्वी खुर्ची किंचित मागे घ्यावी, म्हणजे पुढची लहान चाके वळून पुढे होतात आणि खुर्ची पुढे कलंडण्याचा धोका कमी होतो. मगच दोन्ही ब्रेक लावावेत.

एवढी तयारी करूनही एक गोष्ट चुकली तर बाग निष्फळ ठरते. सुनेने रोपे आणली, माळ्याने लावली, मुलाने पाणी घातले आणि सासऱ्यांना खुर्चीतून आणून समोर बसवले, तर तो खिडकीचाच दुसरा प्रकार झाला. काय पेरायचे, कधी कापायचे, कोणते रोप उपटून टाकायचे, हे ठरवण्याचा अधिकार खुर्चीतल्या माणसाकडे हवा. त्याचा निर्णय चुकला, टोमॅटो दाटीने लावल्यामुळे वाया गेले, तरी इतरांनी हात घालू नये. जन्मभर व्यापार केलेल्याला नफा-तोट्याची धास्ती नसते. निर्णय दुसऱ्याने घ्यावा, हेच त्याला सोसत नाही. बागेचीही एक वही असावी. कोणत्या तिथीला काय पेरले, किती दिवसांनी उगवले, बियाण्याला किती पैसे पडले, किती जुड्या निघाल्या. हात थरथरत असतील तर नातवंडाने लिहून घ्यावे, मजकूर आजोबांनी सांगावा.

घराबाहेर परिस्थिती अधिक अवघड आहे. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला, सार्वजनिक जागा सर्वांना सुगम असाव्यात हे तत्त्व मान्य झाले. तरी मोटारसायकली आत शिरू नयेत म्हणून उद्यानांच्या दाराशी जे लोखंडी खांब रोवतात किंवा फिरते फाटक बसवतात, त्यांतून व्हीलचेअरही जात नाही. नगरपालिका काय करील याची वाट पाहणे आले. परंतु समाजाच्या ट्रस्टांची रुग्णालये आहेत, धर्मशाळा आहेत, वृद्धाश्रम आहेत आणि त्यांतील अनेकांना तळमजल्यावर मोकळे आवार आहे, जेथे आज शोभेचे पाम आणि कुंपण घातलेली हिरवळ असते. त्याच आवारात एक सपाट वाट आणि दोन टेबलवाफे बसवायला येणारा खर्च पाच-सहा व्हीलचेअरच्या किमतीहून फार अधिक होणार नाही. वाटप-समारंभाचा पुढचा प्रस्ताव समितीपुढे येईल तेव्हा त्यातल्या पाच खुर्च्या कमी करून हे करता येते का, हे पाहायला हरकत नसावी. नामफलक लावायला वाफ्याची कडही पुरेशी रुंद असते.

आरंभासाठी दिवाळीसारखा मुहूर्त नाही. लोखंडी चौकट पावसाळ्याच्या अखेरीस तयार करून घ्यावी, अश्विनात मिश्रण भरून पंधरा दिवस मुरू द्यावे. लक्ष्मीपूजनाला पेढीच्या नव्या वह्यांची पूजा होते. दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, बागेची वही उघडावी आणि पुढच्या पट्ट्यात मेथी पेरावी. दाणे रात्रभर भिजवलेले असले तर तीन-चार दिवसांत अंकुर वर येतात. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो तोवर दोन-दोन, चार-चार पानांची कोवळी मेथी वाफ्यात दाटलेली असते. कात्रीने मुळाच्या वर कापावी, मुळे मातीतच राहू द्यावीत. वाफा दोन फूट रुंद आणि चार फूट लांब असेल, तर चार माणसांच्या एका वेळच्या भाजीपुरती निघते.